बाबांची हाक

रिसोड, बुधवार, दिवेलागण

माझं शिक्षण बाबांना दोन कानांना पडलं. त्यासाठी तोफखान्यातली नोकरी वाढवून घेतली, अन् बहिरे होऊन घरी आले. माझे कान मात्र तिखट. मोटरपंप कुठं बिघडला ते नुसत्या आवाजावरून सांगतो, अशी गावभर फुशारकी. दुरुस्त मोटरीवर तळवा ठेवून बाबा ओरडायचे, "जमली रे बाबू!" सारखंच ओरडणं. घराला लागूनच दुकान, तरी त्यांच्या हाकेला ओ देणं मी कधीच सोडलं होतं.

आज बाबांची तेरवी झाली. आई म्हणाली, "गेले त्या दुपारी तुले हाका मारून राह्यले होते. काहून नाही आला?"

"दुकानात मोटर चालू होती, आई. ऐकूच नाही आलं."

ती दिवा लावायला उठली.

त्या दुपारभर लाइट नव्हती.