शिडाला वारा पाहिजे

५ मे १९९१, रविवार
जळगावला रद्दीत शिडाच्या होड्यांच्या शर्यतीवरचं इंग्रजी पुस्तक मिळालं. आपल्या धरणावर अशी शर्यत कुणी घेतलेली नाही. पहिला मान माझा. कापड दुकानवाल्या हीरालालला आव्हान दिलं. हसून हो म्हणाला. घाबरला असावा. शर्यत २६ तारखेला. उद्यापासून पहाटे उठणार.

८ मे
उठलो नाही. ऊन फार. पण डावपेचांचा चॅप्टर तोंडपाठ. वारा येतो त्या अंगाला आपण राहायचं, म्हणजे समोरच्याचा वारा अडतो. हीरालाल संपला.

१२ मे
पुनाभाऊचा मासेमारीचा डोंगा मिळाला. शीड सौ.कडून शिवून घेतलं. डोलकाठीला आणि वळणाच्या खुणांना बांबू हवे होते. आमच्या केळीच्या बागेला टेकू द्यायचे घरात पडलेच होते, सगळे नेले. सौ. म्हणाली, घड भरलेत, टेकू लावायचे राहिलेत. म्हटलं, शर्यत झाली की लावू. तोवर झाडं कुठे पळून जातात?

१७ मे
खुणेचे बांबू पाण्यात रोवले. बुडाशी दगड, वर तार. पक्के. सराव मात्र नाही, कारण पान हलत नाही. मुक्ताईला नारळ कबूल केला, वारा दे म्हणून. देवळात शेजारचे उखर्डूनाना भेटले. घड उतरेपर्यंत वारा नको, एवढंच मागितलं म्हणाले. बघू कुणाचं ऐकते.

२२ मे
आबा ओट्यावर बसून सारखे पश्चिमेकडे बघतात. म्हणाले, आभाळ तांबडं होऊ राह्यलं, वावधान येईन, बांबू घेऊन ये रे बाप्पा. सगळं शिवार टेकू लावतंय. मी सांगितलं, वादळाला पुस्तकात फेव्हरेबल म्हणतात. आबांनी मान परत पश्चिमेकडे वळवली. पटलं असावं.

२५ मे
मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्यात. पुनाभाऊनं बाकीचे डोंगे वर ओढून पालथे घातले. सौ. जुन्या साड्या फाडत बसलीय. माझा क्रू, म्हणजे मेव्हणा रतिलाल, पोहता येत नाही म्हणतो. हे आज सांगतो.

२६ मे, दुपार
उकाडा असा की कुत्रंही भुंकत नाही. हीरालाल पांढरंशुभ्र शीड घेऊन आला, पश्चिमेकडे पाहिलं, शीड गुंडाळलं आणि स्कूटरवर बसून गेला. माघार. तिकडे काळंकुट्ट झालंय. निघतो.

संध्याकाळ
वारा आला. पहिल्याच झटक्यात शीड फाटलं, डोंगा उलटला. पाणी कमरेएवढं. रतिलाल रडत चालत काठावर आला. तरी स्टार्ट लाइन आधी मीच ओलांडली.

२७ मे
दीड वर्षाची बाग आडवी. सगळ्या केळी पूर्वेकडे डोकं करून पडल्यात. म्हणजे वारा पश्चिमेचा, माझा अंदाज बरोबर होता. विहिरीजवळची एक रांग तेवढी उभी आहे. तिथे सौ.नं साड्यांच्या पट्ट्यांनी झाडाला झाड बांधलं होतं. पट्ट्या तेवढ्याच पुरल्या, म्हणाली. मला रडू आलं.

आबा सकाळी धरणावर जाऊन आले. म्हणाले, तुझे बांबू पाहून आलो, एक बी हालला नाही, लई पक्के रोवले तू. आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

मुक्ताईला कबूल केलेला नारळ अजून द्यायचा आहे.