पूजेतला पट्टा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
८ सप्टेंबर

सौ. श्रीदेवी अक्कास,
महेश्वरचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून हसशील. पण आपलं घर तुला माहीत आहे. फोन लावला की अप्पा शेजारच्या खुर्चीत कान टवकारून बसतात, आणि जे सांगायचं ते त्यांच्याबद्दलच आहे.

टॉवेलच्या कारखान्यात सुरक्षेचं काम माझ्याकडे आलं, हे अव्वानं सांगितलंच असेल. उन्हाळ्यात तिप्पण्णा छपरावरून पडला तेव्हापासून मालकही हादरलेत. मोठी कामं ठरवून होतात, परांची बांधतात, माणसं तयारीनं येतात. माणूस पडतो तो न ठरलेल्या कामात. पन्हळीत अडकलेला कचरा काढायला तिप्पण्णा दोन मिनिटांसाठी म्हणून चढला. सिमेंटचा जुना पत्रा मोडला आणि तो थेट मागावर आदळला. जीव वाचला, पण आता काठी घेऊन गेटवर बसतो.

म्हणून छपरावर पोलादी तार ओढून घेतली, खांद्या-मांड्यांना आवळायचे पट्टे आणले. अंगात पट्टा, दोर तारेला, पायाखाली फळी, मग काम दोन मिनिटांचं असो की दोन दिवसांचं. मागावरची सगळी माणसं कुरकुरत का होईना, तयार झाली. अडले ते एकटे अप्पा.

खंडेनवमीला छपराच्या टोकावर झेंडूची माळ बांधायचा मान त्यांचा. अनवाणी, हात मोकळे. हेड फिटर म्हणून यंदा त्यांची शेवटची नवमी. मी म्हटलं, पट्टा घालून चढा. तर म्हणाले, देवाच्या कामाला दावं बांधून जायला मी काय बैल हाय व्हय. तेव्हापासून अबोला. जेवताना अव्वाला सांगतात, तुज्या साहेब लेकाला म्हणावं भाकरीची टोपली हिकडं सरकव.

मी मागे हटणार नाही, अक्का. बाप म्हणून त्यांना सोडलं तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडानं अडवू? आणि बाप आहेत म्हणून तर सोडवतच नाही. तूच काही सुचव.

काव्याला पापा. माझ्यावरचा लोभ या भांडणात आटू देऊ नकोस.

तुझा,
महेश्वर


मोहोळ
१४ सप्टेंबर

चि. महेश्वर यास,
अक्काचे अ. उ. आ.

साहेब झालास ते चांगलंच, पण घरातही शिट्टी वाजवत फिरू नकोस. सगळ्यांसमोर अप्पांना पट्टा घाला म्हणालास, हे अव्वाकडून कळलं. एवढ्या हुशार माणसाला बापाशी एकटं बोलावं हे सुचू नये? इथे माझा राग संपला, आता पुढचं ऐक.

तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. तिप्पण्णाची बायको कमलम्मा परवा मोहोळच्या बाजारात भेटली. नवऱ्याला आंघोळीला बसवायलासुद्धा शेजारच्याला हाक मारावी लागते, असं सांगत होती. घरी आले आणि अप्पांचा चेहराच डोळ्यांपुढून हलेना. त्या रात्रीच्या भाकरीत मीठ टाकायचं विसरले. इकडचे न बोलता जेवले, त्याबद्दल त्यांनाही शंभर गुण.

आता उपाय. अप्पांना पट्टा परका वाटतो, कारण तो वरून हुकूम म्हणून आला. त्यांचा पाना, हातोडी, शिडी नवमीला पूजेत मांडतात की नाही? मग पट्टेही हत्यारंच. धुऊन, हळदकुंकू लावून त्यांच्याच हातानं पूजेत मांडू देत. ज्याला स्वतः अक्षता वाहिल्या त्याला ते दावं म्हणणार नाहीत. त्यांनाही वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात तुला भरपूर शिव्या दिल्यात, म्हणजे ते नीट वाचतील.

अव्वाला सांभाळ. ती हल्ली फोनवर फार कमी बोलते.

भांडा, पण एका ताटात जेवा, एवढंच मागणं.

तुझी,
अक्का


शुक्रवार पेठ, सोलापूर
२३ सप्टेंबर

सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू जिंकलीस. अप्पा काल माझ्याशी बोलले. म्हणजे झापलं, पण थेट झापलं, अव्वाच्या मार्फत नाही. पट्टे नीट धुतलेले नाहीत म्हणून. मग स्वतःच बादली घेऊन अंगणात बसले आणि एकेक कडी घासली.

ठरलं असं. नवमीला सकाळी पट्टा घालून माळ बांधायची. मग पट्टे पूजेत, आणि पूजेतली हत्यारं नेहमीप्रमाणे दसरा उजाडेपर्यंत कुणी हलवायची नाहीत. पूजा मांडणार अप्पाच. कारखान्यात सगळ्यांना तू सुचवलंस म्हणून सांगत सुटलेत, मी महिनाभर घसा कोरडा केला त्याचं नावही नाही.

आज फार हलकं वाटतंय. धपाटे आणि शेंगाचटणी पाठवतोय, काव्याच्या तावडीतून उरली तर तूही खा. लोभ आहेच, चटणीनं थोडा तिखट होऊ दे.

तुझा,
महेश्वर


शुक्रवार पेठ, सोलापूर
दसरा, २ ऑक्टोबर

चि. सौ. श्रीदेवीस,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. पण कालचं तुला मीच सांगितलं पाहिजे. महेश्वर सांगेल तेव्हा माझी बाजू सांभाळून सांगेल, आणि मला ते नको.

सकाळी पट्टा घालून माळ बांधली. पूजा मांडली, आरती झाली. प्रसाद वाटता वाटता आभाळ फाटलं. वाऱ्यानं मधल्या मागावरचा पत्रा उचलला आणि पाणी धो धो आत यायला लागलं. खाली टॉवेलचे गठ्ठे, मोटारी. सगळे ओरडले, शिडी आणा, शिडी आणा. आणि तुझा बाप, पट्टा घासून पुसून पूजेत मांडणारा, अनवाणी शिडीच्या पायरीवर चढलासुद्धा. पट्ट्याची आठवण झाली नाही असं नाही. झाली. पण मनात म्हटलं, ते पूजेत आहेत, उद्यापर्यंत हात लावता येत नाही, आणि काम दोनच मिनिटांचं आहे.

महेश्वरनं मला दंडाला धरून उतरवलं. शिडी काढली, जमिनीवर आडवी टाकली आणि तिच्यावर बसला. म्हणाला, पाऊस थांबल्याबिगर आणि पट्टा घातल्याबिगर कुणी वर जाणार न्हाय. मी म्हटलं, पूजा मोडू का? तो म्हणाला, मग भिजू द्या माल. मालक उभे, माणसं उभी. माझ्या अंगाची लाही झाली. पोरगं सगळ्यांदेखत मला अडवतंय, हात उचलायचाच काय तो बाकी होता. त्यानं आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही, आणि उठलाही नाही. शेवटी मालकांनीच ताडपत्री मागवली आणि सगळे गठ्ठे ओढायला लागले. दोन गठ्ठे भिजले. बाकी वाचलं.

पाऊस थांबला, पण पुढचा ढग दिसत होता. मी देवापुढे गेलो, हात जोडले, फुलं बाजूला केली आणि पट्टा उचलला. हळद अजून ओली होती. घालायला लागलो तर महेश्वरनं हातातून घेतला. म्हणाला, तुमी सकाळी गेलाव, आता माजी पाळी. शिडी लावली, फळ्या घेतल्या, वर पोचून कडी तारेत अडकवलेली मला दाखवली आणि पत्रा बसवायला आढ्याकडे गेला.

श्रीदेवी, इतकी वर्षं मी वर होतो. खाली कधी उभा राहिलो नव्हतो. छपराखाली उभं राहिलं की वरचा माणूस दिसत नाही, नुसता पाय ऐकू येतो. पत्रा करकरतो, मग थांबतो. तो थांबला की आपलं काळीज थांबतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तो उतरला तेव्हा शिडीवरचे माझे हात सोडवायला त्यालाच बोटं उलगडावी लागली.

एक सगळ्यांना कालच सांगून टाकलं. पुढल्या वर्षी मी नसलो तरी पट्ट्यांना हळदकुंकू लावा, पण खुंटीवरच. हाताला लागतील असे. तुझी युक्ती चांगली होती, चूक मांडणीत झाली, आणि मांडणारा मी.

घरी आलो. तुझी आई दर नवमीला दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही, मी परतल्यावरच पिते. मी कायम समजत आलो की देवीचा उपास. काल पहिल्यांदा विचारलं, हा कुठल्या देवीचा? म्हणाली, कुटली देवी? तुमचा पाय दारात वाजेस्तवर घोट उतरत न्हवता, एवढंच.

मी तांब्या भरून आणला आणि तिच्यासमोर बसलो. ती पाणी पीत होती आणि मला तोंड वर करवत नव्हतं.

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलं आहे. म्हाताऱ्यावर माया असू दे, आणि त्याला रागवायचा हक्क सोडू नकोस.

तुझे,
अप्पा