लाल केळीची चार पिलं

४ ऑगस्ट
पाचवं पान सुटलं. वरून हिरवं, त्यावर लाल डाग, कुणी मेंदीचे हात पुसल्यासारखे. खालून सगळं लाल. सुरतेतल्या पांडेसऱ्याची हवा, मिलची काजळी बसतेच. ओल्या चिंधीने पुसून काढली. समोरची भाभी ओरडली, "केले को नहला रही है? ब्याह है क्या इसका?" मी आत पळाले. चिंधी बाहेरच राहिली.

५ ऑ.
उत्तर आत्ता सुचलं. "हो भाभी, हुंड्यात तुमचा कूलर." काय उपयोग.

९ ऑ.
नर्सरीवाल्या काकांकडे काम मागायला गेले. सचिन रोडचे, त्यांनीच हे झाड दिलं. त्यांनी विचारलं, बुंध्याशी पिलं किती? मी चार बोटं दाखवली. "मोढामां मग भर्या छे के?" तोंडात मूग भरलेत का म्हणे. मग म्हणाले, "चार जीवता पीला लाव, सप्टेंबर पूरो थाय ते पहेलां. पछी नोकरी पाक्की." म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत चार जिवंत पिलं आणून द्यायची, मग नर्सरीत नोकरी.
घरी सांगितलं. पप्पा: "त्या केळीला घड नाही, तुला तोंड नाही. चांगली जोडी जमली." स्वतःच हसले. नाहीतर ऑक्टोबरपासून मम्मीबरोबर साडीच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, धागे कापायला. ठरलंय म्हणे. तुमचं ठरलंय. माझं नाही.

२० ऑ.
चारी पिलं गुडघ्याला आली. पानं तलवारीसारखी. नावं ठेवली नाहीत. एक, दोन, तीन, चार. चार नंबरला डाग जास्त.

२९ ऑ.
आबा आले गावाहून. पप्पांचे वडील. चोपड्याकडे तीस वर्षं दुसऱ्याच्या केळीबागेत राबले. चहा प्यायच्या आधी झाडाभोवती फिरून आले.
"घड कोठे शे व?"
"घड नही येत आबा. शोभेनी केळ शे."
"शोभेनी!" कुणी शोभेची भाकरी म्हणावं तसं म्हणाले.

१ सप्टें.
आजचं सगळं लिहिणार.
साड्यांवर टिकल्या चिकटवायचा गोंद आणायला गेले होते. आले तर आबा ओट्यावर बसून विळा पुसताहेत. चारी पिलं जमिनीलगत कापलेली. आणि आबा खूश! "एक मायनामांगे चार पिलं, जीव कसा धरी ती? आते देख, कशी जाड व्हई." बागेत हेच करायचे ना, घड मोठा यावा म्हणून. वर हळहळले, "रॉकेल टाकनं ऱ्हायनं. दुकानमा भेटनंच नही." कापल्यावर मधल्या पोंग्यात रॉकेल ओततात, परत फुटू नये म्हणून.
मी ओरडले. मी! "तुमले कोनी सांगं व्हतं, आबा?" गल्ली बाहेर आली. नववीत सर उभं करायचे तर एक अक्षर निघायचं नाही. त्यापायी शाळा सुटली. आणि आज.
पप्पा मिलमधून आले: "माफी माग." नाही मागितली. मागणारही नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मऊ पडणार नाही.

२ सप्टें.
चार नंबरच्या कापलेल्या तोंडातून मधला गाभा वर आलाय! करंगळीच्या पेराएवढा. काडी लावून मोजला. सकाळी अर्धा पेर होता. रॉकेल भेटलं नाही, बरं झालं.
आबा मागे उभे होते. किती वेळ, माहीत नाही. "तीस वरीस यासले मारं मी," म्हणाले. "तरी येतसच."

१४ सप्टें.
चौघांना पान फुटलंय. आबांनी कंदासकट काढून दिली. पहार त्यांनी धरली, माती मी ओढली. आईच्या, म्हणजे मोठ्या केळीच्या, बाजूने घाव घालायचा नाही, लांबून. तेलाच्या डब्यांत लावली. माफी मी मागितली नाही, त्यांनीही नाही.

२३ सप्टें.
तीन नंबर सडलं. बोट लावलं तर आत गेलं, वास आला. पाणी मीच जास्त घातलं. भीतीपोटी, रोज तीनदा. हे आबांवर नाही घालता येणार.

२८ सप्टें.
पप्पा: "चार सांगितली होती. तीन आहेत. संपलं. एक तारखेपासून खातं."
"नाही."
"काय नाही?"
"खातं नाही."
मम्मीने पोळी उलटायची सोडून माझ्याकडे बघितलं. पोळी जळली.

३० सप्टें.
नर्सरीच्या गेटबाहेर. अजून उघडली नाही. तीन डबे पायाशी, तीन नंबरचा सडलेला कंद पिशवीत. तोही आणलाय. लपवणार नाही. काय झालं ते सगळं सांगणार: कापलं, फुटलं, काढलं, तीन नंबर माझ्या पाण्याने गेलं. पुढच्या वेळी किती पाणी घालायचं, ते आता मला कळतं. सकाळी केळीसमोर दोनदा बोलून बघितलं. भाभीने ऐकलं. ऐकू दे.
आबा सोबत आलेत. "मी सांगू का त्यासले? चूक मन्ही शे."
"नको आबा. मी बोलसू."
काकांची गाडी वळली. आबा उठायला लागले. खांद्याला धरून खाली बसवलं.