हुंदका आला की दहा जोर

तेशी,
१९ जून १९८६

ती. ओडार्टेदादास,
धाकट्या सोवाचा सा. न. वि. वि.

परवा माझ्या तोंडून एक हुंदका निघाला. त्याचा खर्च असा झाला: एक मेंढी, जिनच्या दोन बाटल्या आणि घरातल्या थोरांची चारचौघांत खाली गेलेली मान. हुंदका काही लांबलचक नव्हता. पण पुजाऱ्याचा माणूस नेमका गल्लीतून चालला होता. त्याने दारात काठी आपटून विचारलं, की मौनाच्या महिन्यात या घरात रडतंय कोण. मी म्हणालो, की मीच. खोटं काय सांगणार, डोळे वाहतच होते.

तार तुला मिळाली असेल. संसार अर्ध्यावर टाकून अज्जेली गेली. मौन लागून तिसराच दिवस होता. मक्याच्या पिठाचे विकायचे केंके वळता वळता तिने छातीवर हात ठेवला, मडक्याखालची आच कमी करा म्हणाली आणि खाली बसली ती बसलीच. इस्पितळात नेली, तर त्यांनी तिला शवागाराच्या थंड खोलीत ठेवून माझ्या हातात चिठ्ठी दिली. आता मौन सरून होमोवोचा सुगीचा सण पार पडेपर्यंत ढोल नाही, रडणं नाही, पुरणं नाही. पेरलेला मका जमिनीत निवांत झोपला पाहिजे, आपल्या आवाजाने त्याची झोप मोडता कामा नये, हे लहानपणापासून पाठ आहे. पण दादा, मका झोपतो, मला झोप नाही.

थोरांनी बजावलं आहे, की पुन्हा आवाज आला तर मला गावाबाहेर धाडतील आणि अज्जेलीला माझ्यावाचून पुरतील. सात आठवडे काढायचे आहेत. सात तास निघत नाहीत. काल चड्डी शिवताना सुई बोटातून आरपार गेली. मला बरं वाटलं, ओरडायला निमित्त मिळेल म्हणून. पण तेही गिळलं.

ओकाईलीवहिनी गेली तेव्हा तुझा डोळा ओला झालेला कुणी पाहिला नाही म्हणतात. तू कसं निभावलंस ते कळव. लोभ कमी करू नकोस, सध्या तेवढाच शिल्लक आहे.

तुझा,
सोवा

—

ताकोराडी,
२५ जून

चि. सोवास,
ओडार्टेचे अ. आ.

तार मिळाली त्या दिवशी दोन गाडे बर्फ उन्हात तसाच राहिला, एवढंच लिहितो. अज्जेलीच्या हातचं खाऊन मी वाढलो नाही, पण फुगलो नक्की. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. तू वाचशील, पुन्हा हुंदका निघेल आणि आणखी एक मेंढी जाईल.

आता कामाचं बोलतो. तुला जोर काढायला हवेत. हसू नकोस. शिवणयंत्राच्या पायपट्टीखेरीज तू आयुष्यात कशावर जोर लावला नाहीस हे मला ठाऊक आहे. पण मी डोक्यावरून बर्फाच्या लाद्या वाहत होतो आणि संध्याकाळी मुठी आवळून रिंगणात उतरत होतो, तेव्हा एक गोष्ट शिकलो. रडायला श्वास लागतो आणि जोर काढायलाही लागतो. श्वास एकच. तो एका वेळी एकालाच मिळतो.

तेव्हा हुंदका घशाशी आला की लगेच जमिनीवर जायचं. तळवे खांद्यांच्या खाली, पाठ फळीसारखी, छाती जमिनीला टेकवून वर. असे दहा. दहा येत नसतील तर येतील तितके. सणाच्या आत, बॉक्सर पोरं तयार करणाऱ्या त्या कोटेच्या अंगणात एका दमात शंभर काढून दाखवायचे आणि मोजायला कोटेलाच बसवायचं. बघू तुझ्यात आपल्या बापाचं हाड आहे की नुसताच दोरा.

माझं विचारलंस म्हणून सांगतो. ओकाईली गेली त्या दिवशी मी एकशे दहा काढले आणि कामाला लागलो. थेंब पडला नाही. आज एकसष्टाव्या वर्षीही रोज सकाळी साठ, चहाच्या आधी. मी बर्फवाला माणूस. बर्फावर ठेवलेला मासा आठवडाभर ताजा राहतो. दुःखही तसंच ठेवता येतं. सण झाला की बाहेर काढ आणि पोटभर रड.

जेवत जा. तुझ्यावर जीव आहे हे पत्रात लिहायची वेळ आणू नकोस.

तुझा थोरला,
ओडार्टे

—

तेशी,
६ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पहिल्या दिवशी तीन निघाले. तिसऱ्याला हनुवटी आपटली आणि मी तसाच पालथा पडून राहिलो. तेवढ्यात सासूबाई आत आल्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, की जावईबापू सुई शोधताय की माझ्या लेकीच्या मागे निघालात. निघाला असाल तर आधी धुतलेला सदरा घाला, तिला मळका आवडत नाही. ती गेल्यापासून घरात कुणी थट्टा केलेली नव्हती. मला हसू आलं, हसण्यामागून हुंदका आला आणि मी पुन्हा खाली गेलो. चार निघाले.

कोटेच्या अंगणात गेलो. मौनामुळे तिथे पिशवीवर ठोसे मारणंही बंद आहे, त्यामुळे सगळे बॉक्सर गुपचूप जोरच काढत असतात. मला बघून कोटे म्हणाला, की शिंप्याचे हात म्हणजे दोरा, पण दोरा दुहेरी केला की त्यावर बैल बांधता येतो. त्याच्या पोरांनी माझे तळवे नीट टेकवून दिले. एकाने सांगितलं, की अज्जेलीकाकू मला नेहमी माशाचं शेपूट जास्त द्यायच्या. तो सांगत असतानाच मी खाली गेलो. त्याला वाटलं, काकांना सरावाची फार हौस आहे.

काल दिवसभरात चौदा वेळा जमिनीवर गेलो. म्हणजे चौदा हुंदके. तिचं बसायचं स्टूल दिसलं की एक. मक्याच्या ओल्या पानांचा वास आला की एक. एक बाई गावाहून आली होती, तिला काही माहीत नव्हतं. तिने दारात उभं राहून विचारलं, की केंके उकडून झाले का, चार द्या. मी तिच्या पायांशीच पालथा झालो आणि जोर काढायला लागलो. ती बिचारी काय समजायचं ते समजली आणि टोपली न वाजवता निघून गेली.

पुजाऱ्याचा माणूस रोज दारावरून जातो. त्याला नुसता श्वास ऐकू येतो. श्वासाला दंड नाही.

तुझे साठ कसे काय जमतात देव जाणे. आशीर्वाद दंडात येतील असे पाठव.

तुझा,
सोवा

—

ताकोराडी,
१४ जुलै

चि. सोवास,
अ. आ.

तुझं पत्र बर्फघरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, बाईचा भाग सोडून. तो मलाही मोठ्याने वाचवला नाही.

आता पुढची पायरी. हुंदका येण्याची वाट बघत बसू नकोस. शहाणा बॉक्सर समोरच्याचा ठोसा येऊ देत नाही, त्याला खांद्यातच अडवतो. स्टूल दिसायच्या आधी जोर काढ. सकाळी उठल्याबरोबर काढ, जेवायच्या आधी काढ, मशीनवर बसण्याआधी काढ. हुंदक्याला दारातच गाठलं की तो घरात येत नाही. मनगट दुखलं तर पाम तेल गरम करून चोळ. पाठ वाकवू नकोस, वाकवलेला जोर कोटे मोजत नाही, मेला फार कडक आहे.

मौन उठलं असेल. पण सण होईपर्यंत रडायची बंदी आहेच. बरंच झालं, तुला शंभराला वेळ मिळेल. माझा भाऊ शिंपी असून शंभर काढणार, असं मी बंदरावर आधीच सांगून बसलो आहे. माझी लाज राख.

सासूबाईंना नमस्कार सांग. उशाशी माझं पत्र ठेव, हात ठेवल्यासारखं होईल.

तुझा थोरला,
ओडार्टे

—

तेशी,
७ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शंभर झाले. कोटेने मोजले, पाठ एकदाही वाकली नाही. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. सणाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. बंदरावर सांगून टाक, तुझी लाज राहिली.

आता माझी ऐक.

सण झाला. मक्याचा सांजा आणि पामफळांचं कालवण सासूबाईंनीच केलं, थोरांनी उंबऱ्यावर मेलेल्यांसाठी सांडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे रडायची वेळ आली. दादा, तुला ती पहाट आठवत असेल. आधी टोकाच्या घरातून एक बाई सुरू करते आणि मग सगळी गल्लीच फुटते. ज्या घरातून जो गेला त्याचं नाव घेऊन. सासूबाईंनी अज्जेलीचं नाव घेतलं आणि असा टाहो फोडला की शेजारची माणसं धावत आली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला काही आलं नाही.

मी प्रयत्न केला. स्टूल जवळ ओढलं, त्यावर हात ठेवला. आच कमी करा, हे तिचं अखेरचं बोलणं आठवलं. आत काही हललं नाही, फक्त दंड शिवशिवले. हात जमिनीकडे जायला बघत होते. शेवटी मी घरामागे गेलो आणि तीस जोर काढून आलो. परत आलो तेव्हा मी घामाने भिजलेला आणि डोळे कोरडे.

सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, की माझ्या लेकीने या माणसाला एकतीस वर्षं वळून खाऊ घातलं आणि याच्या अंगात तिच्यासाठी एका वाटीचं पाणी नाही. रडायला बंदी होती तेव्हा मेंढी देऊन रडला, आता फुकट आहे तर मिटून बसलाय. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, की दुसरी बघितली असेल. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

शनिवारी, १६ तारखेला, पुरायचं आहे. पेटी तयार आहे. मला भीती वाटते, की मी तिला शिवून झालेलं गाठोडं गिऱ्हाइकाला द्यावं तसं जमिनीत देईन आणि घरी येऊन जेवेन. तू म्हणाला होतास, की सण झाला की बाहेर काढ. कुठून काढू? तुला तर कधीच रडू आलं नाही. मग हे असंच राहतं का? खरं सांग. थट्टा करू नकोस.

सोवा

—

ताकोराडी,
११ ऑगस्ट
(लॉरीवाल्याच्या हाती)

सोवा,

आशीर्वाद वगैरे मागाहून. लॉरी सुटायला अर्धा तास आहे.

मी खोटं बोललो. ओकाईली गेली तेव्हा मी बर्फखोलीत शिरायचो, आतून कडी लावायचो आणि लाद्यांवर बसून रडायचो. बाहेर आलो की गाडेवाल्यांना सांगायचो, थंडीने डोळे लाल झालेत. असं एकोणीस दिवस. मग बंदरावर कुणीतरी विचारलं, की ओडार्टे, तू हे सोसलंस कसं. तोंडातून निघून गेलं, की जोर काढले. ऐकणाऱ्याला फार आवडलं. पुढच्याला मी आकडा सांगितला. पाच वर्षं सांगतो आहे. शेवटी शेवटी माझं मलाच खरं वाटायला लागलं, नाहीतर तुला लिहिलं नसतं.

बर्फावर मासा आठवडाभर टिकतो. पण त्याची चव जाते, हे मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही. तुलाही सांगितलं नाही.

आता जोर बंद. एकही काढायचा नाही. कुणी काही बोलू दे, तू स्टुलावर बसून राहा. मी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचतो. रोजचे साठ मात्र खरे आहेत, त्यावर शंका घेऊ नकोस. माणसाकडे काहीतरी राहू द्यावं.

ओडार्टे

—

तेशी,
२८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लॉरी अड्ड्यावर तुला निरोप देताना बोलायचं राहिलं, म्हणून लिहितो.

तुझं ते पत्र वाचून मला रडू आलं नव्हतं. राग आला होता. तू आलास तेव्हा मी तुझ्याशी दोन दिवस धड बोललो नाही, ते त्यामुळे. तुला कळलंच असेल.

पेटी बंद करायच्या आधी सासूबाईंनी अज्जेलीच्या हाताशी पानात बांधलेला एक केंके ठेवला. तो त्यांनी स्वतः वळला होता आणि त्यांचे हात आता थरथरतात. पान सैल बांधलं होतं. अज्जेलीने सैल पान कधी खपवून घेतलं नाही. गिऱ्हाइकाच्या हातातून काढून घेऊन पुन्हा बांधायची. मी वाकलो आणि ते नीट बांधायला घेतलं. शिंप्याचा हात, गाठ आपोआप बसली. घट्ट झाली का हे तिला विचारायला मी मान वर केली, आणि तिथेच माझं सगळं सुटलं.

सवयीने मी जमिनीकडे निघालो होतो. तळवे पसरलेसुद्धा होते. तू मागून माझ्या काखेत हात घालून मला वर धरलंस आणि खाली जाऊ दिलं नाहीस. मी धडपडलो, तुला कोपर मारलं, ते लागलं असेल. किती वेळ ओरडत होतो मला माहीत नाही. सासूबाई नंतर म्हणाल्या, की टोकाच्या घरापर्यंत ऐकू गेलं. त्या आता मला रोज दोन वेळा वाढतात आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहतात.

घर रिकामं आहे. मशीन चालू असतं तोवर बरं. थांबलं की तिच्या मडक्याचा आवाज कानात येतो आणि मी रडतो. आता कुणाची बंदी नाही, तरी मी दार लावून घेतो.

दफन झाल्यावर कोटेने पोरांना अंगणात ओळीत उभं केलं होतं. तिने एकतीस वर्षं त्या अंगणातल्या पोरांना खाऊ घातलं, म्हणून तिच्या नावाने एकतीस जोर. कुणी तुला बोलावलं नव्हतं. तूच सदरा काढून माझ्या शेजारी खाली गेलास. मी एकतीस पुरे केले. तू मध्येच पालथा पडलास आणि वाळूत तोंड घालून तसाच राहिलास. पोरांना वाटलं, म्हातारा दमला. मी तुझ्या शेजारीच होतो, खांदे हलताना बघत होतो.

पुढच्या महिन्यात सुट्टी काढून ये, किंवा मी येतो. तोवर आहेस तसाच माझा राहा.

तुझा,
सोवा

ता. क. तुझे मी मोजले. सात झाले.