पाण्यानं पापण्या जुळत न्हायत

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

अणदूर
ता. ७ जानेवारी २०२५

ती. गायत्रीअक्कास,
धाकट्या रंजूचा शि. सा. नमस्कार, शरणु शरणार्थ. पत्रास कारण की,

फोन लागत न्हाय म्हनून तू काळजीत असशील. फोन ह्यांनी दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं चेचला. ही चिठ्ठी कासारमावशीच्या टोपलीत बांगड्यांखाली घालून देते. सवाशिणीचा हात रिकामा नको म्हनून सासूच मावशीला बोलावून घेती. मला मारलं की बांगड्या फुटत्यात, बांगड्या फुटल्या की मावशी येती. आपलं टपाल आता असं चालनार बघ.

बाळंत झाल्यावर लेकीला सोलापूरच्या दवाखान्यातनं हिकडं आणली तवा अंग निस्तं लाल नि चकचकीत हुतं, तुला ठावं हाय. इथं पयल्याच आंघोळीला डोस्क्याचं कातडं माझ्या हातात आलं. उकडलेल्या बटाट्याचं निघतंय तसं. म्या वरडले. सासू दारातनंच म्हनली की हिनं उकळतं पाणी घातलं, पोर भाजली. ती सोता आंघोळीच्या पाण्याला कवा हात लावत न्हाय. तिचा उजवा हात मनगटापातूर आकसलेला हाय, जत्रंत भाजला म्हनत्यात. ह्यांनी तर मला इचारलं बी न्हाय. कासऱ्यानं मारलं. म्हनले पोरगी झाली म्हनून तूच तिला पोळलीस, म्हायेरी पळायला निमित्त. आता रोजचंच झालंय. एका कानातनं पाणी येतंय.

अक्का, पाणी म्या कोपर घालून बघितलं हुतं. पर रोज ऐकून ऐकून माझाच माझ्यावर इस्वास न्हाय ऱ्हायला. खरंच म्याच भाजली का गं तिला?

संक्रांत झाली की रविवारी हे सळई तापवून तिच्या पोटावर डाग देनार हायत. आतला दोष जळतो म्हनत्यात. तिला फडकं घासलं तरी साल निघती, सळईनं काय ऱ्हाईल? दवाखान्यात रक्त घेतलं तवा तुझा नंबर दिला हुता. रिपोर्ट आला का ते जल्दी कळव. दाजींना शरणार्थ. तुझ्या मायेवर जीव धरून हाय.
तुझी,
रंजू


नळदुर्ग
ता. ११ जानेवारी

चि. सौ. रंजूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून बी कोंबडीनं माती उकरल्यावानी हाय. पर वाचलं नि दाजींनी ढाब्याची भट्टी इझवली, आमी तसंच सोलापूर गाठलं. रडू नको, नीट वाच.

पाणी न्हाय. तू न्हाय.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट समजावून सांगितला. कातडं लई बारीक पेशींचं बनतं. त्या पेशींच्या आत आईबापाकडनं आलेले जीन असत्यात. त्यातला एक हाय, पी त्रेसष्ट नावाचा, त्यो मुकादम. ऊसतोडीचा मुकादम सोता कोयता धरत न्हाय, निस्ता हुकूम सोडतो, तू हितं लाग, तू मोळी बांध. तसा ह्यो पेशींना सांगतो की वाढा, थरावर थर रचा, एकमेकीला घट्ट धरा. आपल्या लेकीच्या मुकादमाचा हुकूमच चुकीचा जातोय, म्हनून थर धरत न्हाय. हे पोटातनंच हाय. म्या तरी इचारलं की पाणी कडक असल तर? बाई म्हनल्या, जन्मली तवा तिच्या पापण्या मासाच्या धाग्यांनी जुळल्या हुत्या, त्या आमीच कापून मोकळ्या केल्या. पाण्यानं पापण्या जुळत न्हायत.

पापण्यांचं तू भ्यायनं सासरी सांगितलं न्हायस, तेवढं चुकलं.

आनखी एक. हे आईबापापैकी एकाकडनं येतं, न्हायतर नवंच उपजतं. दोघांचं रक्त बघितल्याबिगर कळत न्हाय. पर मोठ्या माणसात कवा कवा वाकडी नखं, विरळ केस, कमी घाम, एवढंच दिसतं म्हनं. मला तुझ्या नवऱ्याची, रुद्रेशची नखं आठवली. लग्नात त्यो फेटा उतरवंना तवा दाजी म्हनले हुते की साडूच्या रानात पीकच न्हाय. हे त्याच्यासमोर काढू नको, जीव घेईल.

लेकीला चोळू नको, तेल नको, डाग तर मुळीच न्हाय. मावशीजवळ मलम नि जाळीच्या पट्ट्या दिल्यात. संक्रांतीनंतरच्या त्या रविवारी उजाडायलाच टेम्पो घेऊन येतो. हे पत्र वाचून चुलीत घाल. दाजींचा आशीर्वाद हायच, आमचा लोभ तुझ्यासंगं हाय.
तुझी,
अक्का


अणदूर
ता. १६ जानेवारी

ती. अक्कास रंजूचा नमस्कार.

रविवारपातूर थांबू नको. उद्याच ये.

पत्र चुलीत घालायला माझा हात धजला न्हाय. पाणी न्हाय, तू न्हाय, एवढंच परत परत वाचायला उशाला ठेवलं. काल ह्यांना घावलं. सासूला ऐकवायला मोठ्यांदा वाचत सुटले, मुकादम म्हनं, मुकादम, करत हसले. नखांपाशी आले नि हसू गेलं. माझे केस धरून डोस्कं जात्यावर आपटलं. भुवई फुटली. मग रविवार कशाला म्हनत सळई चुलीत सारली. लेकीचा पाय धरला, धरला तिथलं कातडं सुटलं. म्या तिच्यावर आडवी पडले तर बरगडीत लाथ.

सासू भिंतीला टेकून हुती. ती म्हनली, पापण्यांचं काय हुतं ते परत वाच. ह्यांनी वाचलं न्हाय. म्या सांगितलं, तोंडात रगत घेऊन सांगितलं. सासू उठली. मला वाटलं डागायलाच उठली. तिनं लाल सळई उचलली नि ह्यांच्याच मनगटावर ठेवली. चर्र झालं, वास सुटला. हे गुरावानी वरडत भायेर पळाले.

मग सासू, माझ्या आत्या, बोलल्या. ह्यांच्या आदी त्यांना एक पोरगं झालं हुतं. त्याचं बी कातडं आंघोळीत निघालं. त्यानं डोळे उघडलेच न्हायत, पापण्या चिकटलेल्या. ते गेलं. तवा त्यांच्या सासूनं त्यांचा हात उकळत्या हंड्यात दाबून धरला, पोर भाजनारा हात म्हनून. जत्रा-बित्रा कायबी न्हाय. तवापासनं त्या पाण्याला भेत्यात.

एवढ्या मारात ह्या बारीला माझी एक बी बांगडी फुटली न्हाय. म्या म्हनले, आता मावशीला कसं बोलवायचं? आत्यांनी माझा हात धरला नि संक्रांतीच्या बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या. मग शेजारणीला हाक मारली की सुनंचा हात रिकामा झालाय, कासारणीला सांगावा धाडा.

ये गं अक्का. तुझीच वाट बघते.
रंजू


सोलापूर
ता. २४ जानेवारी

ती. आत्यांना सून रंजूचा शि. सा. नमस्कार, शरणार्थ.

हे मावशी वाचून दाखवील. लेक हाय. ताप उतरला, दूध पिती. टेम्पो निघाला तवा तुमी दारात ह्यांची वाट अडवून हुता, ह्यांनी तुमच्यावर लाकूड उगारलेलं दिसलं, मग वळण आलं. तुमच्या पाठीवर वळ हायत म्हनून मावशी सांगती. दाजींनी ठाण्यात लिवून दिलंय. तुमी हिकडं या. अक्का म्हनती, भाकरी थापायला ढाब्यावर हात कमीच पडत्यात. मावशी आता बांगड्या धड असल्या तरी यील, तिच्यासंगंच निघा.

डॉक्टरबाईंना तुमच्या पोराचं इचारलं. म्हनल्या, बघितल्याबिगर शिक्का मारता येत न्हाय, पर पापण्या तशा जुळल्या असतील तर ते पाणी न्हवतं, पोटातनंच आलेलं. तुमचा हात न्हवता, आत्या.

काल नर्सबाईंनी कोमट पाण्यानं भिजवून लेकीच्या पट्ट्या सोडवल्या. म्या डोळं मिटून घेतलं, मग उघडलं. डोस्क्यावर एका जागी नवं कातडं धरलंय, करंगळीच्या नखाएवढं. पुढच्या बारीला पाणी तुमी घाला. उजव्या हातानं.

आमा दोघींवर माया असू द्या.
तुमची,
रंजू