कोणती आखणी राहिली होती?

अहो,

नाव घेऊन हाक मारायची सवय नाही, म्हणून पत्रातही अहोच. आपली तृप्ती आइसलंडच्या व्हिसाचा अर्ज भरते आहे. चौदा दिवसांत कोणती रात्र कुठं काढणार, ते लिहून द्यावं लागतं. तुमच्या वहीत अकरा दिवस आहेत. पुढची तीन पानं कोरी. ती मला भरायची आहेत आणि हात चालत नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले.

या वेडाची सुरुवात माझ्यापासून झाली, कबूल. चौथीत शाळा सुटली. पुस्तकं वाचायला शिकले ती लग्नानंतर, अक्षर अक्षर जुळवत. हमरापूरच्या कारखान्यात तुम्ही गणपतीचे डोळे काढायचात आणि मी शेजारी बसून वाचनालयातलं प्रवासाचं पुस्तक मोठ्यानं वाचायची. डोळा काढताना तुम्ही श्वास धरायचात, तेव्हा मी वाक्य अर्ध्यावर थांबवायची. श्वास सोडलात की पुढे. काळी वाळू, पाण्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे, उन्हाळ्यात न मावळणारा दिवस. असं तुटक तुटक ते बेट आपल्या घरात आलं.

मग तुम्ही नकाशा मिळवलात. बेटाला वळसा घालणारा एकच मोठा रस्ता, हे पाहून किती खूश झालात! "चुकायला जागाच नाय गो!" अंतरं मात्र तुम्ही रोह्यातच मोजलीत. आयुष्यभर टेम्पोत मूर्ती घालून नागोठण्यावरून, निडीवरून रोह्याला गेलात, तेच तुमचं माप. वहीत लिहिलंय, 'दिवस चौथा. पाच रोहे. वाटेत एकाच गाडीचा पूल. समोरच्याला आधी जाऊ देणे.'

दिनेशभावोजी चिडवायचे, "दादा, तिथं गनपती कोन घेनार? बर्फाचाच करतील, विसर्जनाची पन कटकट नाय!"

आणि मी? मी दर वर्षी एकच म्हणत राहिले, "गणपती झाले की जाऊ." आपल्याकडे लग्न, घराची डागडुजी, दुखणी, सगळं गणपती झाल्यावर. पण तिथला उन्हाळा म्हणजे आपला ऐन हंगाम. आपले गणपती होईपर्यंत तिथं दिवस आखडतो, वारा सुटतो, बर्फ येतं. हे मीच तुम्हाला वाचून दाखवलं होतं! तरी म्हणत राहिले. छातीत कळ येते म्हणालात, तेव्हाही मी म्हणाले, "गणपती झाले की मोठ्या डॉक्टरला दाखवू." तुम्ही मान हलवलीत. का हलवलीत हो? भांडायचं होतं माझ्याशी.

गेल्या आषाढात, दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवशी, माझा हात धरून म्हणालात, "आखणी राहिली गो. तू पुरी कर."

मी म्हणाले, "व्हय, करते."

आपल्याकडे आखणी म्हणजे डोळ्यांची. दुसरं काय असणार? साठ मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या होत्या. तृप्तीला तुमच्यापाशी बसवलं आणि रिक्षा करून हमरापूर गाठलं. तोवर मी दागिने आणि पितांबरच रंगवत आले होते. तुमचा ब्रश पहिल्यांदा धरला.

एकोणिसाव्या मूर्तीचा दुसरा डोळा अर्धा झाला होता आणि फोन वाजला. अर्धा डोळा सोडायचा नसतो, हे तुमचंच शिकवणं. मी श्वास धरला, डोळा पुरा केला आणि मग फोन घेतला. तृप्ती नुसती "आई, आई" करत होती.

तेरावं झालं आणि मी उरलेल्या मूर्तींपुढे बसले. माणसं दारात येत होती, आमचा झाला का विचारायला. बारीक ब्रश शोधताना रंगांच्या खणात तळाशी ही वही सापडली. तुम्ही ती अजून लिहिताय, हे मला ठाऊकच नव्हतं. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात तुम्ही एकच शब्द लिहिला होता. आखणी.

कोणती हो? कोणती राहिली होती? एक शब्द जास्त बोलला असतात तर काय बिघडलं असतं? 'सहलीची' म्हणाला असतात, तर मी तिथून उठले नसते. बाराव्या दिवशी कुठं जायचं, ते विचारत बसले असते. की मूर्तींचीच म्हणत होतात? मग मी केलं ते बरोबर. काही दिवस हे खरं वाटतं, काही दिवस ते. सुटका कशानंच होत नाही.

येत्या आषाढात तुमचं वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी निघायचं ठरवलं आहे. धाकटी जाऊ म्हणाली, "ऐन हंगामात? गनपती झाले की जा की ताई. बेट काय पलून जातंय?"

मी म्हणाले, "बेट राहतंय गो तिथंच. मानसं राहत नाय."

भावोजी आतून म्हणाले, "जा वहिनी. डोले मी बघतो." या खेपेला चिडवलं नाही त्यांनी.

गाडी तृप्ती चालवेल. नोकरीला रोज रोह्याला जाऊन येते, तुमचं माप तिलाही कळतं. ती म्हणाली, "आई, ते तीन दिवस एजंट भरून देईल." मी नको म्हणाले.

आता लिहिते. बारावा, तेरावा, चौदावा. पश्चिमेच्या किनाऱ्यावरचं एकच गाव, तिन्ही रात्री तिथंच. शून्य रोहे. तुम्हाला पटलं नसतं, तुमचा पाय कुठं ठरायचा? पण ही तीन पानं माझी.

तेराव्याला सगळे म्हणाले, बाई धीराची आहे. धीर कसला! हंगाम होता, साठ जणांचे गणपती होते, रडायचं राहून गेलं. तिथं मला कुणी विचारायला येणार नाही आणि हाताला काम नसेल. त्या तीन दिवसांत मी तुमच्यासाठी रडेन. पुरतं रडेन, मधे कशालाही उठणार नाही. हा माझा शब्द.

तुमची
सुमन