दोनदा विसळलेली बाटली

माळवस्ती, ता. दौंड
१२ ऑगस्ट २०२४

ती. सत्यजीतदादास,
सुलक्षणाचा शि. सा. न.

आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर, म्हणून हे पत्र. माझी मोनिका काल दवाखान्यातून आली. वर्षात दुसऱ्यांदा टायफॉइड; पोरीची नुसती हाडं उरलीत. आमचे चुलत सासरे मारुतआप्पा पाणी समितीचे अध्यक्ष. टाकी धुवा म्हणायला मी ग्रामसभेत उठले, तर त्यांनी तपासणीची बाटली सगळ्यांपुढं नाचवली. पाणी खराब असलं की ती काळी पडती, आन् ही तर स्वच्छ हाय, घाण हिच्याच घरात हाय, असं म्हणाले. बायका पदराआडून हसल्या. दादा, मी हे विसरणार नाही. तू कारखान्याच्या लॅबमध्ये आहेस. हमखास काळी पडेल अशी बाटली पाठव, त्यांच्या नळाची म्हणून चावडीवर ठेवते.

लोभ आहेच, या खेपेला माझ्यासाठी थोडा रागही धर.
सुलक्षणा

कारेगाव, ता. शिरूर
१९ ऑगस्ट

चि. सौ. सुलक्षणास अ. उ. आ.

माझ्या दप्तरात बेडूक कोंडणारी तू, अजून तशीच आहेस. खोटी बाटली मिळणार नाही. पकडली गेलीस तर आप्पा जन्मभर मिरवतील. बाटलीत आधीच औषध असतं, घाण पाण्यात तेच काळं पडतं. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून दोन दिवस ठेवायची. आप्पा ती कशी भरतात ते बघ. दोन कोऱ्या पाठवतोय. मोनिकाला पाणी उकळूनच दे.

तिला पापा, तुला धपाटा.
तुझा दादा

माळवस्ती
२ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न.

बघितलं! आप्पा बाटली आधी दोनदा विसळतात. पाहुण्याला तांब्या न विसळता देतीस का, असं मलाच विचारलं. औषध सगळं मोरीत! मग मी ग्रामसभेसमोर त्यांच्याच हातानं टाकीचं पाणी भरून घेतलं, न विसळता. दुसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट. तीन दिवस चावडीवर त्यांच्या खुर्चीसमोर ठेवली. टाकी धुताना मेलेली पारवी निघाली. माझ्या पोटात थंडावा पडला, खोटं कशाला बोलू?

काल आप्पा स्वतः तांब्या घेऊन दारात आले. नातवाला जुलाब, घरातला गॅस संपलेला, उकळलेलं पाणी हवं होतं. लेकरावर माझा राग नाही. पण आधी त्यांच्यादेखत तांब्या दोनदा विसळला, अगदी सावकाश. ते मान खाली घालून उभे होते. मग पाणी भरून दिलं.

दुसरी कोरी बाटली फडताळात आहे, हे त्यांना माहीत आहे. तुझी माया अशीच राहू दे.
सुलक्षणा